शिट्टी थांबली का?

डोंबिवली

चि. मैथिली,


काल प्राजूचा फोन आला होता. ती चहाडी करायला बसली नव्हती, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस. बोलता बोलता म्हणाली, शनिवारी लोअर परळला बँड ऐकून आल्यापासून ताईच्या कानात शिट्टी वाजतेय, आणि सोमवारी ऑफिसात शेजारची बाई काय बोलतेय ते तिला दोनदा विचारावं लागलं. वर तू तिला हसून म्हणालीस म्हणे, गिग चांगली झाली की असं होतंच. ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

तुझ्या बाबाला मी काही बोललेले नाही. त्याला कळलं तर तो तुझं जाणंच बंद करायला बघेल, आणि कान राहतील बाजूला. रात्री एकला घरी येणं, तिथला बार, बरोबरची मुलं, सगळं उकरून काढेल. माझं त्यातलं काही म्हणणं नाही. तू कमावती मुलगी आहेस, कुठे जायचं आणि कोणाबरोबर उभं राहायचं ते तुला कळतं. मला काळजी आहे ती कानाची. आपल्या घरात ती मी करायची नाही तर कोणी करायची?

तुझे आजोबा, आमचे आप्पा, तुला आठवतात ते म्हातारे. चाळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढा टीव्ही लावणारे. शाळेतली गोष्ट सांगायला तू त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचीस आणि ते भलत्याच ठिकाणी हसायचे. मला आठवतात ते चाळिशीतले, गिरणीच्या सांचेखात्यातले. एका शेडमध्ये रांगेने सांचे, प्रत्येकात धोटा इकडून तिकडे आपटत असायचा. बोललेलं ऐकू येणं शक्यच नव्हतं, तिथली माणसं ओठ वाचायची, हातवारे करायची. पाळी सुटून घरी आले की बराच वेळ आप्पा आमच्याशी ओरडूनच बोलायचे. आई दटावायची, तर म्हणायचे, "कान बसलेत, सकाळपर्यंत उघडतील." आणि सकाळी उघडायचेही, म्हणूनच कोणी काही मनावर घेतलं नाही. अमुक दिवशी आप्पा बहिरे झाले असं आम्हाला सांगताच येत नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं जात राहिलं.

पुढे त्यांना डॉक्टरकडे नेणारी मीच. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं. आतल्या कानात शंखासारखी नळी असते, तिच्यात बारीक केसांच्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या आडव्या होतात. भाताच्या रोपावर एकदा पाय पडला तर ते उभं राहतं, पण रोज तुडवलं तर मरतं, तसंच हे. फरक एवढाच की माणसाच्या कानात ही लावणी पुन्हा होत नाही. मेलेली पेशी परत उगवत नाही. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त ही व्यंजनं त्यातलीच, म्हणून माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाही. आप्पा हेच म्हणायचे, "ऐकू येतंय गं, कळत नाहीये." आणि आता तू शेजारच्या बाईला दोनदा विचारतेस!

मैथिली, तू ज्या आवारात जातेस ते गिरणीचंच आवार आहे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि अडीच लाख गिरणी कामगारांसारखे आप्पाही घरी बसले. ऐकू न येण्याची भरपाई कायद्यात आहे, पण त्या धामधुमीत कागदपत्रं कोण करणार? नंतर त्या शेडमध्ये ऑफिसं आली, हॉटेलं आली, 2007 साली मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग सुरू झालं. तुझ्यासारख्या मुलांना नवी गाणी ऐकायला जागा मिळाली याचा मला राग नाही. पण आप्पांना त्या गोंगाटात पोटासाठी उभं राहावं लागलं. तुझ्यावर कसली सक्ती आहे? तिकीट काढून जातेस आणि नेमकी स्पीकरच्या तोंडाशी उभी राहतेस. फोटो बघितलाय मी, प्राजूने पाठवला.

हिशेब सांगते, तू इंजिनियर आहेस, तुला तो माझ्यापेक्षा लवकर कळेल. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसतो, त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला पाव तास. छोट्या जागेत रॉक बँड वाजतो तेव्हा 100 सहज होतात. तू शनिवारी तीन बँड ऐकलेस. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा जागांसाठी मानक काढलं आहे: पंधरा मिनिटांची सरासरी 100 च्या वर जाऊ नये, आवाज सतत मोजावा, लोकांना कानात घालायची बोंडं द्यावीत, मध्येच कानांना विसावा द्यायला शांत खोली असावी. आपल्याकडचा रात्री दहाचा नियम बाहेरच्या शेजाऱ्यांसाठी आहे. बंद सभागृहात आत उभ्या असलेल्या मुलीला त्याचा काही उपयोग नाही. तिथे तुझा कान तुलाच सांभाळायचा आहे.

तू म्हणशील, आत्या, छोट्या जागेतच तर मजा असते. कबूल. गाणाऱ्याच्या कपाळावरचा घाम दिसतो, गाणं चुकलं तर तो हसतो तेही दिसतं. पण आवाज वाढतो तोही जागा छोटी असल्यामुळेच. ड्रमला माइक लावला नाही तरी तो त्या खोलीला पुरून उरतो. मग गाणाऱ्याचा गळा त्याच्या वर काढायला स्पीकर वाढवतात, तो वाढला की गिटारवाला आपला वाढवतो. वर छत ठेंगणं, भिंती जवळ, आवाजाला पांगायला वाव नाही. मैदानात चार पावलं मागे गेलं की जेवढा फरक पडतो तेवढा तिथे पडत नाही. तरीही स्पीकरपासून लांब, मिक्सरवाल्याच्या जवळ उभी राहत जा. तो स्वतःच्या कानाला जे चांगलं लागतं तेच जुळवत असतो, म्हणजे गाणंही तिथेच नीट ऐकू येणार.

आता गप्प बस म्हणशील. पण शिट्टी थांबली का ते अजून कळलेलं नाही, म्हणून हात थांबत नाही.

तुला एक सांगते, तुझ्या बाबालाही ठाऊक नाही. संपानंतर मी फोर्टात नोकरीला लागले तेव्हा धोबीतलावच्या रंगभवनात दर ऑगस्टमध्ये इंडिपेंडन्स रॉक हा बँडांचा महोत्सव व्हायचा, 1986 ला सुरू झाला होता. वर आकाश उघडं, त्यामुळे गिटार रस्त्यावर ऐकू यायची. रॉक मशीन या बँडचं नाव तेव्हा फार होतं, पुढे तेच इंडस क्रीड झाले. आधी सगळे परक्यांची गाणी म्हणायचे, 1988 मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांची कॅसेट काढली. ऑफिसातल्या मैत्रिणीकडे एक जास्तीचं तिकीट होतं. "चल ना," म्हणाली. मी बसस्टॉपवर उभी राहून ऐकलं, दोन बसेस जाऊ दिल्या, आणि घरी गेले. मला कोणी नको म्हटलं नव्हतं. मी कोणाला विचारलंच नाही. घरात एकाचाच पगार होता, आप्पा दिवसभर गॅलरीत बसलेले असायचे, आणि मला वाटलं की आपल्यासारख्यांनी हे करायचं नसतं. नंतर तिथे शांतता क्षेत्राचा नियम लागला, ते कार्यक्रम बंद झाले, आणि माझं जाणं राहिलं ते राहिलंच. त्याची चुटपुट अजून आहे. म्हणून जाऊ नकोस असं मी तुला कधीच म्हणणार नाही.

तू मला पुण्याच्या ईझी वाँडरलिंग्जची गाणी पाठवली होतीस. ती मी स्वयंपाक करताना लावते. आणि तू मागे सांगितलंस की समोर माणसंच उभी नसतील तर असे बँड दोन वर्षांत मोडतात, ते मला मनापासून पटलं आहे. तू त्यांच्यासमोर उभी राहावीस असंच मला वाटतं, पुढची तीस वर्षं राहावीस. त्यासाठी कान हवेत ना, बाळा?

संगीतवाल्यांसाठी वेगळी बोंडं मिळतात, फिल्टरवाली. फोमची बोंडं वरच्या पट्ट्या जास्त खातात, गाणं रजईखाली गेल्यासारखं होतं. फिल्टरवाल्यांनी सगळा आवाज सारखाच खाली येतो, शब्द स्पष्ट राहतात. कापसाने मात्र काही होत नाही. बोंडं घालण्यात लाजण्यासारखं काही नाही. माय ब्लडी व्हॅलेंटाइन 2008 मध्ये पुन्हा वाजवायला लागले तेव्हा प्रेक्षकांना बोंडं वाटत होते. द हूच्या पीट टाउनशेंडने कान गेल्यावर इतरांना सावध करणाऱ्या संस्थेला हात दिला. मी तुझ्यासाठी दोन जोड मागवले आहेत, एक प्राजूला दे. दोन बँडच्या मध्ये बाहेर येऊन उभी राहत जा, आणि परतताना लोकलमध्ये हेडफोन लावू नकोस.

मी रागावून लिहायला बसले होते. तुला रडू आलं असेल तर मला माफ कर. तू कानाशी ओरडायचीस तेव्हा आप्पांना काही कळायचं नाही, पण तू उठून गेलीस की ते मला विचारायचे, "काय म्हणत होती गं पोर?" मी सगळं पुन्हा सांगायचे. तुझ्याशी असं कोणाला करावं लागू नये.

उद्याच नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जा आणि ऑडिओग्राम काढून घे. अचानक कमी ऐकू येत असेल तर त्यात दिवस घालवायचे नसतात, उपचार लवकर लागतो. एकटीने जायचं नसेल तर मी सकाळच्या गाडीने येते. आणि शिट्टी अजून वाजत असेल तर आज रात्रीच फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझी,
शैलाआत्या