संगणकाची ‘मेमरी’ व कॅमेऱ्यांतील छायाचित्रें

यंत्र वापरतां येणें निराळें आणि त्या यंत्राचें म्हणणें समजणें निराळें. डिजिटल कॅमेऱ्यांतील छायाचित्रें संगणकांत उतरवून घेत असतां कधीं कधीं काम अर्ध्यावर थांबतें व ‘मेमरी अपुरी आहे’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर येते. ती वाचतांच कित्येक जण नेमकी करूं नये तीच गोष्ट करतात. कॅमेऱ्याचें कार्ड भरलें असावें अशा समजुतीनें ते त्यावरील चित्रें पुसूं लागतात. सूचना तर जात नाहींच. परंतु स्नेहसंमेलनाचीं, बहिणीच्या लग्नाचीं किंवा आतां हयात नसलेल्या आजोबांचीं चित्रें मात्र कायमचीं जातात. या अनर्थाचें मूळ एका शब्दाच्या दोन अर्थांत आहे. म्हणून प्रथम ते दोन अर्थ वेगळे करूं.

‘मेमरी’ हें नांव आपण दोन भिन्न वस्तूंना देतों. कॅमेऱ्यांतील मेमरी कार्ड व संगणकांतील डिस्क हीं सांठवणीचीं स्थानें होत. वीज बंद केली तरी त्यांतील मजकूर टिकतो. दुसरी वस्तु म्हणजे रॅम, अर्थात् संगणकाची कार्यस्मृति. चालू काम जेथें मांडून करावयाचें ती ही जागा. वीज जातांच ती रिकामी होते. वसतिगृहाच्या एखाद्या खोलीचें उदाहरण घ्या. कोपऱ्यांत चाळीस वळकट्या एकावर एक सहज रचतां येतात. परंतु अंथरुणें पसरावयाचीं म्हटलें कीं तीच जमीन दहा जणांनाच पुरते. कोपरा म्हणजे सांठवण आणि मोकळी जमीन म्हणजे कार्यस्मृति. वरील सूचना बहुधा या जमिनीविषयीं असते, कोपऱ्याविषयीं नसते.

आतां थोडा हिशेब करूं. ६००० × ४००० बिंदूंचें, म्हणजे २४ मेगापिक्सेलचें चित्र हें आजच्या कॅमेऱ्यांत सामान्य होय. त्यांत २ कोटि ४० लक्ष बिंदु असतात. प्रत्येक बिंदूच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांसाठीं एकेक बाइट धरला, तर चित्रास ७ कोटि २० लक्ष बाइट, म्हणजे सुमारें ७२ मेगाबाइट जागा लागते. परंतु कार्डावर तें जेपेग पद्धतीनें, म्हणजे वळकटी बांधून ठेवलेलें असतें. तेथें त्यास १० मेगाबाइटच्या आसपास जागा पुरते. अशीं २०० चित्रें कार्डावर सुमारें २ गिगाबाइट जागा घेतील; तींच एकाच वेळीं उलगडलीं तर १४ गिगाबाइटांहून अधिक जागा हवी. ८ गिगाबाइट रॅमच्या संगणकास हें कसें झेपावें?

या वाढीची कल्पना इतिहासावरून येईल. इ. स. १९७५ मध्यें कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यांनीं जो डिजिटल कॅमेरा बनविला, त्याचें चित्र १०० × १०० बिंदूंचें, म्हणजे अवघ्या १०,००० बिंदूंचें होतें. तें कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. वर सांगितलेलें चित्र त्याच्या २४०० पट आहे.

येथें एक शंका येईल. नुसती नक्कल करावयास वळकटी सोडण्याचें कारण काय? कांहींच नाहीं. नक्कल करतांना संगणक चित्राचे बाइट थोडे थोडे उचलून पलीकडे ठेवतो. परंतु छायाचित्रें उतरविणारें सॉफ्टवेअर याहून अधिक कामें अंगावर घेतें. तें प्रत्येकाचें लहान चित्र बनवितें, आडवें असल्यास उभें करतें, तारखेप्रमाणें लावतें. चांगलें सॉफ्टवेअर एक चित्र उलगडतें, काम संपतांच ती जागा सोडतें व मग दुसऱ्यास हात घालतें. सदोष सॉफ्टवेअर घेतलेली जागा परत करीत नाहीं. यासच मेमरीची गळती म्हणतात. शिवाय जुनीं ३२ बिटांचीं सॉफ्टवेअरें फार तर ४,२९,४९,६७,२९६ बाइटांचे, म्हणजे ४ गिगाबाइटांचे पत्ते मोजूं शकतात. विंडोजमध्यें तर त्यांच्या वांट्यास सामान्यतः २ गिगाबाइटच येतात. अशा वेळीं रॅम कितीही वाढविली तरी त्यांना तिचा उपयोग होत नाहीं.

दोष ओळखण्यासाठीं काम कोठें थांबतें तें पाहावें. दर वेळीं एकाच चित्रापाशीं थांबत असेल तर तें चित्र बिघडलेलें असण्याचा संभव आहे. तें वगळून पुढें जावें. ठराविक संख्येनंतर थांबत असेल आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हां उघडल्यावर तितकींच चित्रें पुन्हां उतरत असतील, तर गळतीचा संशय घ्यावा. संगणक आधीं अतिशय मंद होऊन मग थांबला, तर रॅम अपुरी पडून तो डिस्कचा आश्रय घेत होता असें समजावें. डिस्कवर थोडी मोकळी जागा असणें इष्ट तें याचसाठीं. पण ती करावयाची ती निरुपयोगी वस्तु काढून, छायाचित्रें काढून नव्हे.

उपाय सोपे आहेत. पहिला, कार्डास हात लावूं नये. ‘उतरवून झाल्यावर कार्डावरील चित्रें पुसावीं’ अशी सोय सॉफ्टवेअरमध्यें असल्यास ती बंद ठेवावी. दुसरा, इतर सॉफ्टवेअरें बंद करून पन्नास पन्नास चित्रें उतरवावीं. तिसरा व सर्वांत खात्रीचा म्हणजे तें सॉफ्टवेअर बाजूस ठेवून कार्ड कार्ड-रीडरमध्यें घालावें, ‘डीसीआयएम’ नांवाचें फोल्डर उघडावें आणि त्यांतील चित्रें ‘कट’ न करतां ‘कॉपी’ करावीं. मग दोन्हीकडील संख्या ताडून पाहावी, कांहीं चित्रें उघडून पाहावीं, आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. इतकें झाल्यावरच कार्ड कॅमेऱ्यांत घालून फॉरमॅट करावें. चित्रें चुकून पुसलींच गेलीं, तर त्या कार्डावर एकही नवें चित्र घेऊं नये. पुसल्यानें बहुधा प्रथम चित्राची नोंद तेवढी जाते. त्या जागीं दुसरें कांहीं लिहिलें गेलें नसेल, तर जाणत्या माणसाच्या साह्यानें तें परत मिळण्याची आशा असते.

विद्यार्थी मित्रहो, संगणकाची कार्यस्मृति दिवसांतून दहा वेळां भरते व दहा वेळां रिकामी होते; तिचें कांहीं बिघडत नाहीं. पसरलेलीं अंथरुणें गुंडाळलीं कीं जमीन पुन्हां मोकळी. पुसलेल्या चित्रांतील क्षण मात्र पुन्हां येत नाहीं. म्हणून पडद्यावर सूचना दिसतांच आधीं हात आवरावा, ती कोणत्या ‘मेमरी’विषयीं बोलते याचा विचार करावा, आणि मगच बोट कळीवर ठेवावें.