मागचं उजवं चाक

गेल्या गणपतीत आरती झाल्यावर ताटं वाढायची घाई चालली होती, तेव्हा एका ताईंनी मला बाजूला घेतलं. "तो जुना डिझेल ट्रक तुमच्याच मुलाने घेतलाय ना? आमचाही मागे लागलाय. आणि तो टायर जाळायचा प्रकार म्हणजे नक्की काय हो?" हातात मोदकांचं ताट, मागे रांग. "निवांत बोलू," म्हणालो, आणि ते राहूनच गेलं. नंतर आणखी दोन घरांतून हाच प्रश्न आला, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आपल्या या कोलंबसमध्ये, इंडियानातल्या एवढ्याशा गावात, कोथरूडहून आलेली किती घरं आहेत हे तुम्हाला माहीतच आहे. क्लेसी कमिन्सने १९१९ साली इथे डिझेल इंजिनांची कंपनी काढली, १९६२ पासून पुण्यात काम सुरू झालं, आणि त्याच वाटेने आपल्यातले कितीतरी जण इथे पोचले. डिझेल हा आपला पोटापाण्याचा विषय. पण आपल्या मुलांना तो शाळेच्या पार्किंगमध्ये भेटतो. आजूबाजूच्या शेतकरी घरांतली मुलं जुने पिकअप घेऊन येतात, आणि आपल्या मुलाला त्यांच्यात उभं राहायचं असतं.

आमच्याकडचा ट्रक १९९६ चा. डॉज रॅम २५००, ऑटोमॅटिक, सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं इंजिन. मुलापेक्षा ट्रक वयाने मोठा. निम्मे पैसे त्याच्या उन्हाळी कामाचे, निम्मे आमचे. पहिल्या हिवाळ्यात त्याने आणि मी गॅरेजमध्ये टॅपेट सेट केले. इनटेकला १० थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ), एक्झॉस्टला २०. फीलर गेज सरकवताना जेवढं घट्ट लागायला हवं तेवढं लागलं की तो माझ्याकडे बघायचा, मी मान हलवायचो. त्या वयाचा मुलगा बापाशी चार वाक्यं बोलत नाही असं आपण म्हणतो. आम्ही त्या चार रविवारी जेवढं बोललो तेवढं आधीच्या दोन वर्षांत बोललो नव्हतो. तेव्हा ताई, ट्रक घेऊन देऊ का या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ "नको" असं नाही.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एका रविवारी मी ट्रक धुवायला घेतला. मागच्या उजव्या चाकाच्या वर, मडगार्डच्या आतल्या बाजूला, काळ्या शेवयांसारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं. नखाने खरवडलं तर रबर. इथे टायरची नक्षी किती उरली हे बघायची एक साधी रीत आहे. पेनी घ्यायची आणि लिंकनचं डोकं खाली करून ती खाचेत घालायची. डोकं पूर्ण दिसलं तर टायर संपला. उजव्या चाकात लिंकनचे केस कपाळासकट दिसत होते. डाव्या चाकात कपाळ पार बुडालं. दोन्ही टायर एकाच दिवशी बसवलेले.

ट्रक रस्त्यावर नुसता चालवून टायरची झीज अशी एकतर्फी होत नाही. मला कळलं. मग ट्रान्समिशनची डिपस्टिक ओढली. तेल लालसर असायला हवं, ते तपकिरी झालं होतं आणि त्याला करपलेला वास येत होता.

हा प्रकार काय, ते आधी सांगतो. डाव्या पायाने ब्रेक दाबून धरायचा आणि उजव्या पायाने ॲक्सिलरेटर. पुढचे डिस्क ब्रेक गाडीला जागेवर खिळवून ठेवतात, मागचे जुने ड्रम ब्रेक इंजिनाच्या ताकदीपुढे हरतात, आणि मागचं चाक जागच्या जागी गरगरायला लागतं. रबर तापतं, मऊ होतं, धूर निघतो. याला ही मुलं बर्नआउट म्हणतात. या ट्रकमध्ये ते जमतं यात नवल नाही. इंजिनच जवळजवळ पाचशे किलोचं, ते सगळं पुढच्या चाकांवर. मागचा हौदा रिकामा, म्हणून मागची चाकं हलकी. आणि डिझेलचा जोर खालच्या फेऱ्यांतच येतो. दीड हजाराच्या आसपास फेऱ्यांना ४२० पाउंड-फूट, म्हणजे ५७० न्यूटन-मीटर टॉर्क. पेट्रोलच्या गाडीला आरडाओरडा करावा लागतो. हा ट्रक धीम्या, जाड आवाजात ते काम करतो. त्या आवाजाची ओढ मला ठाऊक आहे. मी टेस्ट बेडवर वीस वर्षं तो ऐकत आलोय आणि मला तो अजूनही आवडतो. हे मी मुलापासून लपवून ठेवलं होतं, आणि ते चुकलं असं मला आज वाटतं.

त्या संध्याकाळी मी त्याला विचारलं.

"बाबा, फक्त दोनदा केलंय."

"कुठे?"

"ते बंद पडलेलं दुकान आहे ना, त्याच्या मागच्या पार्किंगमध्ये. रिकामं असतं."

"एकटा होतास?"

तो गप्प. मग म्हणाला, "सात-आठ जण होते. व्हिडिओ काढत होते."

"ते कुठे उभे होते?"

त्याने हाताने दाखवलं. ट्रकच्या मागे, उजव्या अंगाला. तिथून धूर छान येतो म्हणे. माझ्या पोटात गोळा आला.

मी त्या वेळी तुमच्यापैकी कोणीही केलं असतं तेच केलं. किल्ली काढून घेतली. तीन आठवड्यांनी त्याच्या आईला समजलं की तो आता मित्राच्या ट्रकच्या हौद्यात बसून जातो. चाक दुसऱ्याचं, पाय दुसऱ्याचा, आणि आपलं पोर मोकळ्या हौद्यात, पट्ट्याशिवाय. किल्ली माझ्या खिशात होती आणि तो आधीपेक्षा जास्त धोक्यात होता. तेव्हा मी ठरवलं की याला नुसतं रागवून भागणार नाही, ट्रकखाली घेऊन जायला हवं.

पुढच्या शनिवारी गॅरेजमध्ये इंजिन बंद ठेवून, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावून, मागचं उजवं चाक तेवढं जॅकने उचललं आणि ॲक्सलखाली स्टँड ठेवला. गियर न्यूट्रलला. चाकावर खडूने एक रेघ ओढली, प्रोपेलर शाफ्टवर दुसरी. "तुझ्या ॲक्सलचा रेशो किती?" "३.५४." हे त्याला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. "म्हणजे शाफ्टच्या साडेतीन फेऱ्यांना चाकाची एक फेरी. बरोबर? आता शाफ्ट हाताने फिरव आणि मोज."

तो पाठीवर झोपला आणि फिरवायला लागला. मी बाहेरून चाकावरची रेघ बघत होतो. रेघ पुन्हा वर आली तेव्हा म्हणालो, "झाली एक. शाफ्टच्या किती झाल्या?" आतून काहीच आवाज आला नाही. त्याने परत मोजलं. मग म्हणाला, "पावणेदोन. पण ते शक्य नाही."

शक्य आहे. डावं चाक जमिनीवर थांबलेलं असलं की डिफरन्शियल त्याच्या वाट्याचं फिरणंही उजव्याला देतं. उजवं चाक दुप्पट वेगाने फिरतं. मीटरला मात्र दोघांची सरासरी कळते. आणि बहुतेक वेळा फिरतं ते उजवंच, कारण शाफ्टचा पीळ ॲक्सलचं उजवं टोक किंचित उचलतो.

"मीटरवर किती होते तेव्हा?" मी विचारलं.

"चाळीस." तो ट्रकखालीच होता. "म्हणजे ते ८० मैलांनी फिरत होतं?"

वेग दुप्पट झाला की टायर फाडू पाहणारं बळ चौपट होतं, हे त्याला शाळेत शिकवलेलं होतं. टायर कंपन्या आपल्या सूचनांमध्ये बजावतात की जागच्या जागी चाक फिरवताना मीटरचा काटा ३५ मैलांच्या, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरच्या पुढे जाऊ देऊ नका आणि फिरत्या चाकाजवळ किंवा मागे कुणाला उभं करू नका. ती सूचना चिखलात किंवा बर्फात रुतलेल्या गाडीसाठी आहे. इथे तर खाली कोरडं डांबर, वर ट्रकचं वजन आणि आत हवेचा भरपूर दाब. तापलेल्या रबराची तारांच्या पट्ट्यावरची पकड सुटली की ट्रेडचा तुकडा मागे सुटतो. मागे, उजव्या अंगाला. जिथून धूर छान येतो तिथे.

तो बराच वेळ बाहेर आला नाही. मीही काही बोललो नाही.

बाकीचं त्याने स्वतःच विचारलं. तेलाचा रंग का बदलला? मी ढोबळ हिशेब सांगितला. ब्रेकने चाकं धरून ठेवलीस आणि इंजिनाचा जोर लावलास की टॉर्क कन्व्हर्टरमध्ये शंभरेक किलोवॅट उष्णता नुसती तेलात जाते, घरातले पन्नास गिझर एकदम लावल्यासारखी. चाक सुटलं की मग ती टायरात जाते. मागच्या ड्रममधले ब्रेक शूही भाजून निघतात, आणि त्याच ब्रेकवर तो रात्री घरी येणार असतो. चाक अचानक पकड घेऊन आपटायला लागलं तर पाट्यांवरचा ॲक्सल पिळवटतो आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटू शकतो. आणि ब्रेकवरचा पाय जरासा सरकला तर अडीच टनांहून जड लोखंड आडवं होऊन सुटतं. आजूबाजूला फोन धरून उभे असतात ते सगळे सोळा-सतरा वर्षांचे.

टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या वायव्येला वॉलर म्हणून गाव आहे. तिथे सप्टेंबर २०२१ मध्ये एका सोळा वर्षांच्या मुलाने डिझेल पिकअपने सहा सायकलस्वारांना उडवलं. त्याआधी तो त्यांच्यावर मुद्दाम काळा धूर सोडत होता असं सायकलस्वारांनी सांगितलं. तो बर्नआउट नव्हता, पण गंमत त्याच जातीची. अशा बातमीतल्या घरी त्या रात्री काय झालं असेल, याचा विचार मला झोपू देत नाही.

एक गोष्ट आपल्या घरांपुरती. आपली बरीच मुलं अजून आईवडिलांच्या व्हिसावर आहेत. पोलिसांनी बेदरकार ड्रायव्हिंगचा गुन्हा लावला तर प्रकरण दंडावर आणि विम्याच्या हप्त्यावर थांबत नाही. व्हिसाच्या अर्जात आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जातही "कधी अटक झाली होती का" हा प्रश्न असतो. मुलाला हे जरूर सांगा, पण फक्त हेच सांगू नका. त्याला ती आपल्या मनातली भीती वाटते, आणि खरं तर ती आपलीच असते. चाकाची मोजणी त्याची होती. ती त्याला पटली.

तरी ओढ राहतेच. तिला जागा हवी. इंडियानापोलिसच्या पश्चिमेला ब्राउन्सबर्गची ड्रॅग स्ट्रिप आहे, जिथे १९६१ पासून दर लेबर डेला राष्ट्रीय स्पर्धा भरते. एरवी काही दिवशी तिथे साध्या गाड्याही पळवता येतात. अठराच्या आतल्या मुलासाठी पालकाची सही लागते. आणखी लहान, १३ ते १६ च्या मुलांसाठी 'ज्युनियर स्ट्रीट' हा वेगळा वर्गही या खेळात आहे. त्यात शेजारच्या सीटवर मोठं माणूस बसतं.

मे महिन्यात आम्ही गेलो. वाटेत मी त्याला १९५२ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी इंडी ५०० मध्ये आपल्या गावच्या डिझेल गाडीने, फ्रेड अगाबाशियनच्या हाती, तोपर्यंतची सगळ्यांत वेगवान फेरी काढून पोल मिळवला होता. टर्बोचं तोंड खाली, जमिनीलगत होतं. त्यात ट्रॅकवरचा कचरा आणि टायरांच्या रबराचे कण जाऊन बसले आणि ७१ फेऱ्यांनंतर गाडी थांबली. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "रबराने?"

तिथे तपासणीत त्यांनी चाकांचे नट, ब्रेक, पट्टा, गळती सगळं बघितलं. सुरुवातीच्या रेषेआधी पाणी टाकलेली एक जागा असते. रेसच्या गुळगुळीत टायरवाले तिथे चाक भिजवून फिरवतात, टायर साफ आणि गरम करायला. बर्नआउटचं मूळ काम ते. आमचा ट्रक तिथे आला तेव्हा रेषेवरच्या माणसाने हात आडवा करून त्याला पाण्याच्या बाजूने जायला सांगितलं. नक्षीचे टायर खाचांतून पाणी घेऊन रेषेवर सांडतात, आणि ते फिरवून फायदाही काही नसतो. मी कुंपणाशी उभा होतो. त्याने मान हलवली आणि ट्रक शांतपणे बाजूने घेतला. पाव मैलाला अठरा सेकंदांच्या वर लागले. परत आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते आणि त्याला एकदम खूप बोलायचं होतं. घरी पोचेपर्यंत तो बोलत होता.

त्या पार्किंगमध्ये तो पुन्हा कधीच जाणार नाही अशी शपथ मी घेऊ शकत नाही. मुलगे सांगतात तेवढंच आपल्याला कळतं. पण त्याने त्या सात-आठ जणांपैकी दोघांना आमच्या गॅरेजमध्ये आणलं, ट्रकखाली झोपवलं आणि शाफ्ट मोजायला लावला. मी चहा घेऊन गेलो तेव्हा आतून आवाज आला, "नाही, परत मोज."

ताई, तुमच्या मुलाला घेऊन शनिवारी सकाळी या. जॅक आणि खडू आमच्याकडे आहेत. येताना जुने कपडे घालायला सांगा, आणि तुम्हीही आत येऊन बघा.