जुन्या संगणकाची डिस्क मंदावली तर



वारणानगर परिसरात १९९८ साली गावोगावी संगणक केंद्रे काढून ऊस उत्पादकांची माहिती ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. आज मोबाईल आला. तरी लागणीच्या तारखा, बिले व हिशेब पुष्कळांच्या घरी जुन्या संगणकातच आहेत. तो सुरू व्हायलाच पाव तास लागतो, अशी तक्रार गटागटांतून आमच्याकडे येते. नोकरीनिमित्त मोखाडा-जव्हारकडे असलेली आपली मुलेही हेच विचारतात.

जुन्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि ग्रामोफोनच्या सुईसारखे हेड तिच्यावर सरकत असते. एकाच सभासदाचा ऊस चार शिवारांत विखुरला की टोळीचा दिवस चालण्यातच जातो. फाईलचे तुकडे विखुरले की हेडचे तसेच होते. पण कारण दरवेळी हेच असते असे नाही. म्हणून पुढील क्रम पाळावा.

१) प्रथम फाईलींची प्रत दुसरीकडे काढावी. डिस्क मंदावणे ही ती निकामी होत असल्याचीही खूण असते. टकटक आवाज येत असेल तर दुसरे काहीएक करू नये.

२) डिस्क स्वतःच्या तब्येतीची ‘स्मार्ट’ नावाची नोंद ठेवते. तीत खराब सेक्टरचा आकडा वाढत असेल तर डिस्क बदलावी.

३) तब्येत ठीक असल्यास नको त्या फाईली काढून १५ टक्के तरी जागा मोकळी करावी. मगच डीफ्रॅगमेंट चालवावे, म्हणजे तुकडे एकत्र येतात.

४) मेमरी अपुरी असली तर संगणक डिस्कवरच मेमरीचे काम ढकलतो. तेथे दोष डिस्कचा नव्हे, मेमरी वाढवावी.

५) मोखाड्यासारख्या भरपूर पावसाच्या भागात दमट हवेने वायरचे जोड गंजतात. वीज बंद करून वायर काढून नीट बसवावी, नाहीतर बदलावी. जुन्या विंडोज एक्सपीत वारंवार चुका झाल्या की डिस्क ‘पीआयओ’ या संथ पद्धतीवर जाते. वायर बदलल्यावर ‘डीएमए’ पुन्हा चालू झाले का, तेही पाहावे.

एवढे करूनही फरक न पडल्यास एसएसडी बसवावी. तीत फिरणारा भाग नसतो, त्यामुळे जुने यंत्रही चपळ होते. तिला डीफ्रॅगमेंट मात्र करू नये.

डिस्क बाजारात विकत मिळते, हरवलेली लागणीची तारीख मिळत नाही. तोडणीच्या क्रमाबद्दल वाद निघाला तर तीच आपल्या हातात असते. तेव्हा हंगाम सुरू होण्यापूर्वी पहिले कलम तरी प्रत्येकाने पुरे करावे.