विजेची शाश्वती : अंबडची कारखानदारी आणि डेन्मार्कचे उदाहरण

नाशिकजवळील अंबडची औद्योगिक वसाहत मुंबई-आग्रा महामार्गापासून जवळच आहे. (जालना जिल्ह्यातील अंबड निराळे, ते तालुक्याचे गाव.) महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1962 मध्ये झाल्यानंतर राज्यात ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांत सातपूर आणि अंबड ही नाशिकची जोडी विशेष भरभराटीस आली. मोटारींचे सुटे भाग, प्लास्टिकच्या वस्तू, विद्युत उपकरणे असा विविध माल येथे तयार होतो. विजेची उपकरणे घडविणाऱ्या वसाहतीलाच विजेची चिंता वाहावी लागावी, हा एक योगायोग म्हणावयाचा.

ही चिंता घरगुती ग्राहकाच्या चिंतेहून वेगळी आहे. घरातील दिवा दहा मिनिटे गेला तर गैरसोय होते. कारखान्यात प्लास्टिकचा रस यंत्राच्या नळीतच थिजतो, भट्टीत तापविण्यास ठेवलेला पोलादी भाग वाया जातो, कातकामाचे यंत्र अर्ध्यावर थांबून वस्तू बिघडते. वीज परत आली तरी गेलेला माल परत येत नाही. मोठा कारखाना स्वतःचे जनित्र बसवितो. आठ-दहा कामगारांच्या कारखान्याला डिझेलची महाग वीज परवडत नाही आणि त्या दिवसाची मजुरी व मालाची मुदत दोन्ही अडचणीत येतात. म्हणूनच वीज किती आहे याच्या इतकाच, ती हुकमी आहे काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. यालाच पुरवठ्याची शाश्वती म्हणतात.

नाशिक जिल्ह्याएवढा देश

या प्रश्नाचा राष्ट्रीय पातळीवर विचार करणे ज्यांना भाग पडले, त्यांत युरोपातील डेन्मार्क हा छोटा देश प्रमुख आहे. त्याची लोकसंख्या सुमारे 60 लाख. 2011 च्या जनगणनेत एकट्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या 61 लाखांवर होती, म्हणजे आपल्या एका जिल्ह्याएवढीच माणसे तेथे राष्ट्राचे धोरण ठरवितात. 1973 मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले व अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला, तेव्हा डेन्मार्कची सुमारे 90 टक्के ऊर्जा आयात तेलावर अवलंबून होती. रविवारी मोटारी चालविण्यास बंदी घालण्याची पाळी सरकारवर आली आणि मोकळ्या पडलेल्या रस्त्यांवरून लोक सायकलीने व पायी फिरले.

त्यानंतर 1976 मध्ये त्या देशाने आपली पहिली ऊर्जायोजना आखली. प्रारंभी पवनचक्क्यांना त्यात मोठे स्थान नव्हते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. पहिली धाव कोळशाकडे होती. तेलावर चालणारी वीजकेंद्रे कोळशावर आणण्यात आली. कोळसाही बाहेरचाच, परंतु तो अनेक देशांतून घेता येत होता. पुढे 1979 च्या कायद्याने वीजकेंद्रातील वाया जाणारी उष्णता नळांवाटे घरे उबदार ठेवण्यासाठी वापरण्याच्या व्यवस्थेला सर्वत्र चालना मिळाली. उत्तर समुद्रातील स्वतःचे तेल व वायू हाती आले. अणुवीज नको, असा निर्णय तेथील संसदेने 1985 मध्ये घेतला. वाऱ्यावरील वीज सावकाश वाढत गेली व अलीकडच्या वर्षांत एकूण विजेच्या निम्म्यापर्यंत पोहोचली. ट्विंड येथील शाळांच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी इतरांच्या मदतीने उभारलेली प्रचंड पवनचक्की 1978 मध्ये सुरू झाली. अनेक गावांत शेजाऱ्यांनी भागभांडवल गोळा करून सामाईक पवनचक्क्या घेतल्या. सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला ही रीत परकी वाटू नये.

आपल्याकडील दुवे

महाराष्ट्राने वीजनिर्मितीचे सामर्थ्य मोठ्या जिद्दीने वाढविले. 1915 मध्ये खोपोलीची जलविद्युत मुंबईला मिळू लागली. राज्य वीज मंडळ 1960 मध्ये स्थापन झाले, कोयनेची वीज 1962 पासून मिळू लागली. 2005 मध्ये मंडळाची पुनर्रचना होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. तथापि प्रत्येक केंद्र एका साखळीच्या शेवटी उभे असते आणि साखळीचा कोणता दुवा केव्हा तुटेल हे मेगावॅटच्या आकड्यावरून समजत नाही.

तारापूरचे अणुकेंद्र 1969 मध्ये कार्यान्वित झाले. त्याचे समृद्ध युरेनियम अमेरिकेकडून मिळावे असा 1963 चा करार होता. 1974 मधील पोखरणच्या चाचणीनंतर त्या पुरवठ्यात अडथळे येऊ लागले, अखेर 1982 मध्ये ती जबाबदारी फ्रान्सने पत्करली. केंद्र महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असले तरी त्याची किल्ली परदेशी राजधानीत होती. दाभोळच्या प्रकल्पात दुवा तुटला तो पैशाचा. त्याचा 740 मेगावॅटचा पहिला टप्पा 1999 मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला. तेलाचा चढा भाव आणि डॉलरशी बांधलेला दर यांमुळे वीज इतकी महाग झाली की 2001 मध्ये केंद्र बंद पडले. नव्या कंपनीच्या हाती ते पुन्हा सुरू झाले, पण 2013 मध्ये देशातील वायूचा पुरवठा आटल्याने परत थांबले. परळी वैजनाथ येथे कोळसा होता, यंत्रे होती, पाणी नव्हते. दुष्काळामुळे फेब्रुवारी 2013 मध्ये तेथील सर्व संच बंद ठेवावे लागले. औष्णिक केंद्राला पाणी लागते ही साधी बाब मराठवाड्याने अशी अनुभवली.

नाशिक जिल्ह्यातच सिन्नरजवळ गुळवंच येथे प्रत्येकी 270 मेगावॅटचे पाच संच उभारण्यात आले. वीजखरेदीचा करार नाही आणि कोळसा आणणारा लोहमार्ग अपुरा, अशा स्थितीत 1350 मेगावॅटचे हे सामर्थ्य वर्षानुवर्षे निरुपयोगी राहिले. आकडेवारीत ते मोजले जात होते; अंबडच्या एकाही यंत्राला त्याचा उपयोग नव्हता.

एकलहरे येथील केंद्राची कथा अधिक समाधानाची आहे. 1970 व 1971 मध्ये त्याचे पहिले दोन संच सुरू झाले व 1979 ते 1981 या काळात प्रत्येकी 210 मेगावॅटचे तीन संच आले. जुने दोन संच आता निवृत्त झाले आहेत. एका युनिट विजेला साधारण पाऊण किलो कोळसा लागतो असे धरले, तर उरलेले तीन संच पूर्ण भाराने चालविण्यास दिवसाला सुमारे 11 हजार टन कोळसा हवा. म्हणजे जवळजवळ तीन मालगाड्या, दररोज, त्याही मुख्यतः विदर्भातील खाणींकडून. अंबडपासून हे केंद्र पंधरा-वीस किलोमीटरच्या टप्प्यात आहे. त्याची वीज मात्र थेट अंबडला येत नाही, ती जाळ्यात मिसळते. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली व दक्षिणेसह सारा देश एका जाळ्यात आला. जाळ्यामुळे एकाची तूट दुसरा भरून काढतो. परंतु 12 ऑक्टोबर 2020 रोजी कळवा-पडघे परिसरातील वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबईसारखी नगरी कित्येक तास थांबली, हेही त्याच जाळ्याचे दुसरे रूप होय.

गावाच्या वेशीवरील उपकेंद्र

2005 नंतरच्या टंचाईच्या वर्षांत राज्यास काही हजार मेगावॅटची तूट सोसावी लागली आणि भारनियमन सर्वांच्या वाट्याला आले, पण सारखे नव्हे. ज्या भागात वीजगळती अधिक व वसुली कमी, तेथे अंधाराचे तास अधिक, अशी वर्गवारी होती. नियमित बिल भरणाऱ्या ग्राहकालाही शेजारच्या आकड्यांची शिक्षा भोगावी लागे. गावठाणाचे आणि शेतीपंपांचे फीडर वेगळे केल्यावर निदान घरातील दिवे व शाळा यांना दिलासा मिळाला. आपल्या गावाचा फीडर कोणता, त्याची गळती किती, पाणीपुरवठा योजनेची थकबाकी किती, हे पंचायतीने महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावे. याबाबत बहुतेक ग्रामसभांत चर्चाच होत नाही.

2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज देण्याचे काम सुरू झाले. राळेगणसिद्धी येथे त्याचा आरंभीचा प्रकल्प झाला. 2023 मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. खाजगी जमिनीस हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये भाड्याची त्यात तरतूद होती. शासकीय जमीनही यासाठी घेतली जाते. रात्री पिकाला पाणी देताना साप-विंचवाची भीती बाळगणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाच्या विजेचे मोल सांगावे लागत नाही. मात्र गायरान दिले जाणार असेल, तर गावातील गुरे व मेंढ्या कोठे चरतील, हा प्रश्न कामाला आरंभ होण्यापूर्वीच ग्रामसभेत निघाला पाहिजे. चराईवरून उद्भवलेल्या तंट्याने प्रकल्प रखडला, तर तोही तुटलेला दुवाच.

सूर्य मावळल्यावर काय, हा प्रश्न उरतो. डेन्मार्कमध्ये वारा पडतो तेव्हा नॉर्वेच्या धरणांची वीज तारेने येते आणि वारा भरपूर असतो तेव्हा जादा वीज तिकडे जाते. आपल्या सह्याद्रीत अकोले तालुक्यातील घाटघरला 2008 पासून याच जातीची सोय आहे. मागणी कमी असताना खालचे पाणी पंपाने वरच्या जलाशयात चढवायचे व गरजेच्या वेळी ते सोडून 250 मेगावॅटपर्यंत वीज मिळवायची. पाणी चढविण्यास लागणारी वीज परत मिळणाऱ्या विजेहून अधिक असते, तरीही संध्याकाळच्या विजेचे मोल पाहता हा व्यवहार परवडतो. कोयनाही काही मिनिटांत जोर धरू शकते. पण कृष्णा पाणीतंटा लवादाने तिच्या पश्चिमेकडे वळविण्याच्या पाण्यावर वर्षाला 67.5 अब्ज घनफुटांची मर्यादा घातलेली आहे. अंबडमधील अनेक कारखान्यांची दुसरी पाळी सूर्यास्तानंतरही चालू असते. त्या वेळी घाटघरच्या वरच्या जलाशयात पाणी किती आणि एकलहऱ्याच्या आवारात कोळसा किती दिवसांचा, यावर त्या पाळीचे काम अवलंबून असते.