पतिपत्नींनी एकमेकांस विचारावयाचे प्रश्न

लग्नास वीस वर्षे लोटली, लेकरे हाताशी आली, तरी पतीस पत्नीचे मन ठाऊक नाही, अशी घरे आपल्या गावांत थोडी नाहीत. बोलणे होते ते बियाण्याचे, कर्जाच्या हप्त्याचे व मुलांच्या तापाचे. अशा घरांस उपयोगी पडेल असा एक प्रयोग वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन व त्यांचे सहकारी ह्यांनी तो सन १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. परस्परांस अनोळखी अशा विद्यार्थ्यांच्या जोड्या करून त्यांनी प्रत्येक जोडीस प्रश्नांच्या चिठ्ठ्या दिल्या. प्रश्न एकंदर ३६, बारा-बारांचे तीन गट, आणि वेळ पाऊण तास. आरंभीचे प्रश्न सोपे. जेवावयास कोणास बोलवावेसे वाटते, अशा प्रकारचे. पुढे ते खोल होत जात, व शेवटी, दुसऱ्यादेखत तुम्ही कधी रडला, येथवर येत. काही जोड्यांस केवळ वरवरच्या गप्पांचे प्रश्न दिले होते. पाऊण तास संपल्यावर त्यांच्यापेक्षा पहिल्या जोड्यांस एकमेकांविषयी अधिक जवळीक वाटली.

ह्यात प्रश्नांची चतुराई फारशी नाही. चिठ्ठीवरील प्रश्नाचे उत्तर दोघांनीही द्यावयाचे, हा त्यातील मुख्य नियम होय. आपल्याकडे बहुधा येथेच घोडे अडते. पती विचारतो, पत्नी उत्तर देते, आणि तो स्वतः मुकाट राहतो. मग ती विचारपूस न राहता कचेरीतील उलटतपासणी होते. जो पत्नीस, “ह्या घरात आल्यावर पहिल्या वर्षी तुला कशाची धास्ती वाटे?” असे विचारील, त्याने तिचे ऐकून घेतल्यावर त्या वर्षीची आपली धास्तीही सांगावी. पुरुषास हे जड जाते, हे आम्ही जाणतो.

क्रमही पाळावा. “माझ्या कोणत्या शब्दाने तुझे मन दुखावले?” हा प्रश्न पहिल्याच रात्री काढू नये. आधी बालपणीचे खेळ, माहेरची विहीर, आवडती भाजी येऊ द्यावी. घरात सासूसासरे व लेकरे एकाच खोलीत निजत असतील, तर शेताची वाट बरी. वाचता येत नसल्यास चिठ्ठीचे अडत नाही. दोन प्रश्न मनात धरून निघावे.

तथापि ह्या प्रयोगाकडून भलतीच अपेक्षा करू नये. तो अनोळखी विद्यार्थ्यांवर झाला, जुन्या जोडप्यांवर नव्हे. निष्ठा व बांधिलकी पाऊण तासात उत्पन्न होत नाहीत, असे प्रयोगकर्त्यांनीही मानले आहे. आणि ज्या घरात हात उगारला जातो, तेथे पत्नीस असे प्रश्न विचारणे म्हणजे तिला नव्या संकटात घालणे होय. तेथे प्रथम मार थांबला पाहिजे.

एखाद्या प्रश्नास उत्तर न आले तर तो सोडून पुढे जावे. मिळालेले उत्तर पारावर सांगू नये, की पुढील भांडणात बाहेर काढू नये. तसे एकदा झाले की दुसऱ्या खेपेस खरे उत्तर मिळत नाही.