आहार, आरोग्य आणि वार्धक्य

सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं रांगेंत उभी असलेली एखादी मुलगी डोळ्यांपुढें अंधारी येऊन एकाएकीं खालीं बसते, हा प्रसंग कोणत्याहि शाळेंत नवा नाहीं. तिला सावलींत नेतात, पाणी पाजतात, आणि ‘उन्हाचा त्रास’ असें म्हणून गोष्ट तेथेंच संपते. घरून काय खाऊन निघालीस, असें विचारलें तर बहुधा उत्तर मिळतें, ‘चहाभाकरी’; कधीं नुसताच चहा. लेखाचा विषय वार्धक्य, आणि आरंभ तेरा वर्षांच्या मुलीपासून, हें वाचकांस विचित्र वाटेल. परंतु साठाव्या वर्षीं माणसाची पाठ ताठ राहणार कीं वांकणार, याचा बराचसा निर्णय या कोवळ्या वयांतच होत असतो.

शिर्डी, राहाता, कोपरगांव हा आपला मुलूख पर्जन्यछायेंतील. कालवे येण्यापूर्वीं येथील शेतकऱ्याचें मुख्य अन्न बाजरी व ज्वारी हेंच होतें. पुढें दारणा धरणाचें पाणी गोदावरीच्या कालव्यांनीं आलें, प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, ऊंस आला, साखरेचे कारखाने आले, आणि सुबत्तेबरोबर चहांतील साखरहि वाढली. पांढरा भात व मैद्याची खारी हीं प्रतिष्ठेचीं झालीं. बाजरी ही गरिबीची खूण वाटूं लागली. वस्तुतः शंभर ग्रॅम बाजरींत सुमारें ६ मिलिग्रॅम लोह असतें, आणि तितक्याच सडीक तांदळांत एक मिलिग्रॅमहि नसतें. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें साल भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां हेंच धान्य शहरांतील श्रीमंतांच्या ताटांत मानानें जाऊन बसलें. आपण टाकलेली वस्तु दुसऱ्यानें उचलली कीं मग तिची किंमत कळते!

मराठी जेवणाची परीक्षा एकदां उंदरांवरहि झालेली आहे. सर रॉबर्ट मॅकॅरिसन या डॉक्टरांनीं निलगिरीवरील कुन्नूर येथें १९१८ सालीं आहारसंशोधनास आरंभ केला. त्याच कार्यांतून आजची हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था वाढली. हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतील लोक जें जेवतात, तेंच त्यांनीं उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना खाऊं घातलें, आणि कोणता गट कसा वाढतो हें वजन करून पाहिलें. शीख जेवणावरील उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले; त्यांच्या खालोखाल पठाणी, तिसरा क्रमांक मराठी जेवणाचा, आणि शेवटचा सडीक तांदळाच्या मद्रासी जेवणाचा. तिसऱ्या क्रमांकावर कोणीं रागावूं नये. साती गटांत तो कांहीं वाईट नव्हे. मात्र शिखांच्या ताटांत विशेष तें काय होतें, हें पाहण्यासारखें आहे. न चाळलेल्या गव्हाची पोळी, डाळ, भाजी, आणि भरपूर दूध, दहीं व लोणी. दुर्मिळ असा एकहि पदार्थ त्यांत नव्हता.

मग बाजरीच्या मुलखांत मुलींचे चेहरे फिकट कां? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें (२०१९–२१) भारतांतील १५ ते १९ वर्षांच्या शंभर मुलींपैकीं ५९ मुलींच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी आहे. याचें एक कारण असें कीं, अन्नांत असलेलें सगळेंच लोह रक्तांत उतरत नाहीं. धान्यांतील फायटेट नांवाचें द्रव्य त्याला धरून ठेवतें, आणि भाकरीबरोबर चहा घेतला तर चहांतील टॅनिन उरलेल्या लोहासहि अडवितें. म्हणजे आईनें पहाटे उठून थापलेल्या भाकरीचें निम्मेंअधिक मोल आपणच कपांत बुडवितों. उलट क जीवनसत्त्व हें लोहाला रक्ताची वाट मोकळी करून देतें. आणि तें ज्यांत विपुल, तें फळ तर आपल्या दारांत पिकतें. राहात्याच्या पेरूच्या बागा सर्वांस ठाऊक आहेत. शंभर ग्रॅम पेरूंत सुमारें २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतें. संत्र्याच्या चौपट म्हटलें तरी चालेल. आपण पेरू तिखटमीठ लावून चवीखातर खातों, औषध म्हणून नव्हे, आणि तें एका परीनें बरेंच आहे. औषध म्हटलें कीं मुलें पळतात. भाकरीबरोबर पेरूची फोड किंवा लिंबू, आणि चहा तासाभरानें, इतका फेरबदल करण्यास खर्च कांहींच येत नाहीं.

दुसरें कारण मात्र अन्नांतील नसून घरांतील आहे. शिर्डीच्या प्रसादालयांत हजारों माणसें रोज जेवतात. तेथें पुरुष, बायका, मुलें एकाच वेळीं बसतात, आणि सर्वांस तेंच वरण, तोच भात, तीच भाजीपोळी मिळते. तेथून घरीं आल्यावर पुरुष आधीं, मुलगे नंतर, आणि आई व मुलगी भांड्याच्या तळाशीं उरेल त्यावर! पालकांनीं या प्रश्नाचा विचार शांतपणें करावा. दर महिन्यास जिचें रक्त जातें, तिलाच भाजीचा शेवटचा चमचा कां मिळावा?

या अन्यायाचें फळ तिलाच एकटीला भोगावें लागतें असें नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर मातांचा आहार व त्यांच्या मुलांची वाढ यांचा अभ्यास चालविला. तेथील बाळांचें जन्माचें वजन सरासरीनें सुमारें पावणेतीन किलो भरलें. इंग्लंडमधील बाळांचें साडेतीन. बाळें बारीक, पण अंगांत मांस कमी आणि त्या मानानें चरबी जास्त. ज्या माता पालेभाजी, फळें व दूध अधिक वेळां घेत, त्यांचीं बाळें मोठीं होतीं. जन्मतः बारीक व पुढें लठ्ठ झालेल्या मुलांत मधुमेहाची पूर्वचिन्हें अधिक दिसतात, हेंहि त्याच डॉक्टरांनीं दाखविलें आहे. आजोबांचा मधुमेह त्यांच्या पन्नाशींत कळला असेल. त्याची पेरणी कदाचित् त्यांच्या आईच्या उपाशी पोटीं झाली होती. आपल्याच जिल्ह्यांत जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें १९७० सालीं काम सुरू केलें, तेव्हां त्यांनीं औषधांवर भिस्त न ठेवतां खेड्यांतील बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून शिकविलें. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या. तरी बाळाचें वजन कसें पाहावें व त्याला काय खाऊं घालावें, हें त्या शेजारणींना समजावून देत.

आतां प्रत्यक्ष वार्धक्याकडे वळूं. हाडांचा सांठा साधारणतः तिसाव्या वर्षापर्यंतच वाढतो. पुढें तो उतरत जातो, आणि बायकांचा पाळी थांबल्यावर फार झपाट्यानें उतरतो. म्हणून दूध, नाचणी, आणि भोगीच्या भाकरीवर लावतात ते तीळ, हीं शाळकरी वयांत पोटांत गेलीं पाहिजेत. स्नायूंची झीज चाळिशीनंतर सुरू होते. तिला आवरण्याचीं साधनें दोन, चालणेंफिरणें आणि डाळ, दूध, अंडीं यांतील प्रथिनें. पन्नास किलो वजनाच्या माणसाला रोज निदान चाळीस ग्रॅम प्रथिनें हवींत. परंतु घरांत घडतें उलटेंच. ‘आतां या वयांत मला काय करावयाचें आहे’ असें म्हणून आजी आपल्या वाटींतील दूध नातवाच्या पेल्यांत ओतते, आणि दांत नाहींत म्हणून स्वतः भाकरी चहांत बुडवून खाते.

तीच भाकरी दुधांत किंवा वरणांत कुस्करून दिली, तर तिला चावण्याचे कष्टहि पडणार नाहींत आणि प्रथिनेंहि मिळतील. शाकाहारी वृद्धांना ब-१२ जीवनसत्त्व दूधदुभत्यांतूनच काय तें मिळतें. शिवाय उतारवयांत पोटांतील आम्ल कमी झाल्यामुळें तें अन्नांतून नीट सुटत नाहीं. म्हणून आजीच्या तळपायांस मुंग्या येऊं लागल्या, तोल जाऊं लागला, किंवा ती वरचेवर विसरूं लागली, तर ‘हें वयाचेंच आहे’ असें म्हणून बसूं नये. डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्यावें. प्रार्थनेच्या रांगेंत बसलेल्या त्या मुलीचेंहि त्याच वेळीं तपासावें.