मशीन कुणाच्या हाती जाणार?

आईच्या पंच्याहत्तरीला दादाने तिला एस्प्रेसो मशीन दिलं. तो न्यू जर्सीला असतो. मशीन मात्र त्याने इथूनच मागवलं आणि वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते पुण्याच्या घरी पोचलं. आईला कॉफी जीव की प्राण. दादाकडे गेली होती तेव्हा वहिनीच्या हातची कॅपुचिनो तिने आवडीने घेतली होती, ते त्याने लक्षात ठेवलं होतं. भेटीमागे माया होती, खर्चही थोडाथोडका नव्हता. तरी वर्ष सरायच्या आत ते मशीन ओट्यावरून उतरलं आणि माळ्यावर गेलं. आईकडे माझं रोजचं जाणं-येणं असल्यामुळे हे सगळं मी जवळून पाहिलं. लग्न, गृहप्रवेश, निवृत्ती अशा निमित्ताने हल्ली ही मशीनं बरीच दिली जातात, म्हणून जे पाहिलं ते जरा सविस्तर सांगते.

पहिली अडचण हाताची होती. एस्प्रेसो मशीनला लांब दांड्याचं एक हँडल असतं, त्याला पोर्टाफिल्टर म्हणतात. त्यातल्या चाळणीत कॉफी भरायची, वरून दाबून सपाट करायची आणि हँडल मशीनच्या तोंडाला लावून जोर देऊन पिळायचं. पुरतं घट्ट बसलं नाही तर कडेने गळतं. आईच्या मनगटाला संधिवात आहे. घट्ट लागलेलं बरणीचं झाकणही ती दुसऱ्याकडून उघडून घेते. हँडल पिळायला तिला दोन्ही हात लागायचे, आणि घरगुती मशीन वजनाला हलकं असल्यामुळे ते एका हाताने धरून ठेवलं नाही तर ओट्यावर फिरायचं.

एके दुपारी कप भरला आणि तिने लगेच हँडल सोडवलं. आत अजून दाब होता. गरम पाणी आणि कॉफीचा चोथा फस्सकन उडून तिच्या मनगटावर आला. महाग मशीनमध्ये पंप थांबताच उरलेला दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह असतो. स्वस्त मशीनमध्ये तो बहुधा नसतो, तिथे थोडं थांबूनच हँडल काढावं लागतं. ही सूचना माहितीपुस्तिकेत होती, पण बारीक इंग्रजी अक्षरांत. भाजलं तसं थोडक्यात, पण त्या दिवसापासून आई मशीनजवळ एकटी जाईना. मी असले तरच कॉफी. आपल्याच घरात कॉफीसाठी कुणाची वाट पाहायची, हे तिला फार लागलं, आणि मलाही.

ज्यांच्यासाठी मशीन घेणार आहात त्यांचे हात आधी आठवा. मनगटात जोर आहे का? पाण्याची टाकी मागच्या बाजूने वर उचलून काढावी लागते, भरलेल्या टाकीचं वजन दीड-दोन किलो होतं, ते झेपेल का? ओट्यावरच्या भिंतीतल्या कपाटाखाली मशीन बसलं तरी टाकी वर काढायला जागा उरते का? दुकानात शक्य असेल तर हँडल स्वतः लावून, काढून पाहा. वयस्कर माणसासाठी घेत असाल तर ही एवढी परीक्षा बाकी सगळ्या गुणांच्या आधी.

दुसरी गोष्ट मला अनपेक्षित होती. "चव चांगली आहे गं, पण गरमच लागत नाही," आई म्हणायची. मशीन बिघडलेलं नव्हतं. वाफेच्या नळीने दूध फेसाळतात तेव्हा ते साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवायचं असतं. त्यापुढे गेलं की फेस बसतो आणि दुधाचा गोडवाही जातो. आपल्या घरांत दूध उतू जाईपर्यंत उकळतं आणि कॉफी ओठाला चटका बसेल इतकी गरम लागते. आयुष्यभर तशी पिणाऱ्या माणसाला कॅपुचिनो कोमटच वाटणार. वहिनीकडे ती आवडली होती, कारण तिथे ती पाहुणी होती आणि ते वेगळं पेय म्हणून घेत होती. घरी तिला हवी होती तिची कॉफी: पातेल्यात दूध-साखर, उकळी फुटली की कॉफी पावडर, आणि वरून किसणीवर दोनदा फिरवलेलं जायफळ. शिवाय फेसासाठी फ्रिजमधलं थंड दूध लागतं. आपलं दूध आधीच तापवलेलं, वर साय धरलेली. ते गाळून, थंड करून घ्यायचं तर तिच्या दृष्टीने दुप्पट काम.

म्हणून आवडीनिवडीची चौकशी करताना "कॉफी आवडते का" एवढ्यावर थांबू नका. कशी पितात ते पाहा. त्यांच्या घरी जाल तेव्हा स्वयंपाकघरात उभं राहून त्यांना कॉफी करताना बघितलंत तर भेटीचा सुगावाही लागत नाही आणि उत्तर मिळतं. किती दूध, किती साखर, स्टीलचा पेला की मोठा मग, एका वेळी किती जणांची होते.

हे का महत्त्वाचं, तर यंत्रागणिक कॉफीचा कडकपणा वेगळा असतो. एस्प्रेसोत विरघळलेल्या कॉफीचं प्रमाण आठ ते बारा टक्के असतं. कागदी फिल्टरमधून ठिबकणाऱ्या विजेच्या ड्रिप मशीनच्या कॉफीत ते जेमतेम सव्वा-दीड टक्का. दुसरी कॉफी काळी प्यायला छान, पण तिच्यात निम्मं दूध घाला, पाणचट होते. ज्या घरी कॉफी म्हणजे दुधाची कॉफी, त्या घरी ड्रिप मशीन देऊ नये. तिथे कडक अर्क काढणारं काहीतरी हवं: एस्प्रेसो, मोका पॉट किंवा आपला दाक्षिणात्य फिल्टर.

एस्प्रेसोच द्यायचं ठरलं तर खोक्यावरच्या आकड्यांनी भुलू नका. एस्प्रेसोला कॉफीच्या थरावर साधारण ९ बारचा दाब लागतो, आणि दोन कपांचा, म्हणजे अठरा ग्रॅम कॉफीतून छत्तीस ग्रॅमच्या आसपासचा अर्क पंचवीस ते तीस सेकंदांत उतरावा असा प्रघात आहे. "१५ बार", "२० बार" ही पंपाची कमाल ताकद असते; ती जास्त म्हणून कॉफी जास्त चांगली असं नाही. उलट "३.५ बार" किंवा "५ बार" लिहिलेली स्वस्त मशीनं असतात, त्यांत पंपच नसतो. बंद टाकीतल्या वाफेच्या जोरावर पाणी वर ढकललं जातं, म्हणजे काम मोका पॉटचंच. ते घेण्यापेक्षा सरळ मोका पॉट घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी मेख ग्राइंडरची आहे. एस्प्रेसोला कॉफी फार बारीक आणि एकसारखी दळलेली लागते. पात्यांच्या मिक्सरमध्ये ती निम्मी पीठ, निम्मी रवा होते आणि पाणी मधूनच वाट काढून निघून जातं. त्यासाठी बिया दोन दातेरी चकत्यांमध्ये भरडणारा बर ग्राइंडर हवा, आणि चांगला बर ग्राइंडर कित्येकदा मशीनइतकाच महाग पडतो. तो देणार नसाल तर ज्याच्या चाळणीला खाली एकच बारीक भोक असतं, असं दुहेरी तळाच्या चाळणीचं मशीन पाहा. त्यात बाजारातली दळलेली कॉफी चालून जाते. इन्स्टंट पावडर कुठल्याच चाळणीत घालायची नाही, ती विरघळून भोकं बुजवते. चिकोरी घातलेली फिल्टर कॉफीची पावडरही ओली झाली की चिकट होते आणि मशीन तुंबतं. आपल्याकडे कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असायला हवी असा नियम आहे, म्हणजे उरलेली बरीचशी चिकोरी असू शकते. टक्केवारी पाकिटावर छापलेली असते. आईच्या डब्यात हीच पावडर होती. पहिल्याच आठवड्यात चाळणी बसली आणि मला शिवणाच्या सुईने एकेक भोक मोकळं करावं लागलं.

कॅप्सूलचं मशीन वयस्कर माणसांना सोपं, हे खरं. कॅप्सूल टाका, बटण दाबा, चोथा नाही, दळण नाही. पण एका कंपनीच्या कॅप्सूल सहसा दुसऱ्या पद्धतीच्या मशीनला लागत नाहीत, आणि एकीत कॉफी असते पाच-सहा ग्रॅम. दोन माणसं दिवसाला दोनदा प्यायली तर महिन्याच्या १२० कॅप्सूल होतात. एक ४० रुपयांना धरली तरी ४,८०० रुपये. पेन्शनवर राहणाऱ्या घरात ही भेट दर महिन्याला बिल लावते आणि ते लोक संकोचाने बोलतही नाहीत. द्यायचंच असेल तर कॅप्सूलचा खर्चही आपण उचलायचा आणि तसं आधी सांगून टाकायचं.

परदेशात असलेल्यांना हात जोडून एक विनंती. अमेरिकेतून मशीन आणू नका. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. थेट लावलं तर जळतं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण दीड हजार वॉटच्या मशीनला लागणारा ट्रान्सफॉर्मर जड, तापणारा आणि जागा अडवणारा असतो. शिवाय तो व्होल्टेज उतरवतो, ६० हर्ट्झच्या जागी आलेले ५० हर्ट्झ बदलत नाही, आणि घरगुती मशीनचा कंप पावणारा पंप त्याच ठोक्यावर चालतो. वॉरंटीही इथे सहसा चालत नाही. दादाने हे ओळखून इथेच मागवलं, ते फार बरं केलं. तरी सॉकेटचा प्रश्न राहिलाच. दीड हजार वॉट म्हणजे साडेसहा अँपिअर, त्याला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट हवा, आणि आईच्या ओट्याजवळ असलेला एकमेव मोठा सॉकेट मायक्रोवेव्हने घेतलेला. वायरमन बोलवावा लागला.

पाण्याचीही चौकशी करा. धरणाचं पाणी येत असेल तर चिंता कमी. बोअरवेल किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, तोच थर मशीनच्या आतल्या बारीक नळ्यांत बसतो. दोन-तीन महिन्यांनी तो काढावा लागतो. कंपनीचं द्रावण मिळतं किंवा, पुस्तिकेत चालेल म्हटलं असेल तर, लिंबूसत्त्व. निव्वळ आरओचं पाणी हा उपाय वाटतो खरा, पण क्षार अगदीच नसले की कॉफी सपक लागते आणि काही मशीनच्या टाकीतला सेन्सर पाणी ओळखतच नाही. दुरुस्तीचं केंद्र त्यांच्याच गावात आहे का, हे फोन करून विचारा. हँडलच्या तोंडाशी असलेली रबरी रिंग झिजतेच, ती बदलायला कुणी नसेल तर शंभर-दोनशे रुपयांच्या रिंगेपायी सगळं मशीन बसून राहतं.

आईसाठी शेवटी आम्ही स्टीलचा दोन मजली फिल्टर आणला, चारशे-पाचशे रुपयांचा. वरच्या भांड्यात पावडर आणि उकळतं पाणी, खाली पंधरा-वीस मिनिटांत अर्क उतरतो. पिळायचं काही नाही, दाब नाही, दूध हवं तितकं उकळा, जायफळ किसा. माटुंग्याला भाजून-दळून मिळणारी पावडर मावसभाऊ आणून देतो. मोका पॉटचाही विचार केला होता. इटलीत बियालेत्तींनी १९३३ मध्ये आणलेलं हे भांडं, कॉफी कडक निघते. पण "३ कप" म्हणजे त्यांचे इवलेसे कप, आपला जेमतेम एक मग. शिवाय छोटा पॉट आपल्या गॅसच्या रुंद जाळीवर डुगडुगतो, वर वेगळी बारीक जाळी ठेवावी लागते, आणि ॲल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनवर चालत नाही. आईच्या हातांना तो वर-खाली पिळून बंद करणंही अवघडच गेलं असतं. धडधाकट हातांच्या, दोघांच्या संसाराला मात्र मी आवर्जून मोकाच सुचवते.

आणि ज्यांना खरोखर एस्प्रेसोचं वेड आहे, जे बियांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख बघतात, त्यांना मशीन जरूर द्या. फक्त त्यांना विचारून. त्यांच्या मनात मॉडेल ठरलेलं असतं. त्यांच्यासाठी चांगला ग्राइंडर ही बहुतेक वेळा जास्त मोलाची भेट.

कुठलंही मशीन दिलंत तरी बिल आणि वॉरंटी कार्ड खोक्यातच राहू द्या, किंमत कळेल म्हणून काढून घेऊ नका. दुरुस्तीच्या वेळी तेच मागतात. वापरायच्या पायऱ्या मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा, "हँडल काढण्याआधी थांबा" हे लाल शाईने. परत करायची मुदत बहुतेक दुकानांत आठ-दहा दिवसांचीच असते, म्हणून फार आधी मागवून ठेवू नका. त्या मुदतीत स्वतः जाऊन मशीन जोडा, त्यांच्या हाताने दोन-तीनदा कॉफी करवून घ्या, आणि त्यांना जड जातंय असं दिसलं तर त्यांच्यासमोरच ते परत पाठवून द्या.